ऑनलाइन डिरेक्टरीतील सशुल्क जाहिरात: पैसे भरण्याआधी आणि भरल्यानंतर

एसी दुरुस्ती, पेस्ट कंट्रोल, पाण्याच्या टाक्यांची सफाई किंवा घरसामानाची ने-आण असा एखादा व्यवसाय सुरू करून त्याची नोंद ऑनलाइन डिरेक्टरीत केली, की पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी बहुधा डिरेक्टरीच्या विक्री प्रतिनिधीचाच फोन येतो. तुमच्या भागात तुमच्या सेवेचा शोध किती लोक घेत आहेत, शेजारचा स्पर्धक कितव्या क्रमांकावर दिसतो आणि वर्षाचे पॅकेज घेतल्यास महिन्याला किती चौकश्या येतील, हे तो आकड्यांसह सांगतो. हे आकडे खरेही असू शकतात. मात्र महिनाअखेरीस तुमच्या गल्ल्यात किती पैसे उरतील, हे त्यांतला एकही आकडा सांगत नाही. तो हिशेब व्यावसायिकाने स्वतःच करायचा असतो आणि पैसे भरण्याआधी तो बऱ्याच अंशी करता येतो. तो कसा करावा, करार करताना काय पाहावे आणि पैसे भरल्यावर फायदा-तोटा कसा मोजावा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

डिरेक्टरी नेमके काय विकते

जस्टडायल या डिरेक्टरीची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत झाली. त्या वेळी इंटरनेट फार थोड्यांकडे होते; लोक एका क्रमांकावर फोन करून आपल्या भागातील प्लंबर किंवा डॉक्टर विचारत आणि त्यांना दोन-तीन नावे सांगितली जात. संकेतस्थळ २००७ मध्ये आले, कंपनीचे शेअर २०१३ मध्ये बाजारात आले आणि २०२१ मध्ये रिलायन्स रिटेल व्हेंचर्सने कंपनीचा ताबा घेतला. इंडियामार्टही १९९६ चीच, पण तिचा भर कारखानदार आणि घाऊक विक्रेते यांच्यावर आहे. २०१९ पासून तिचेही शेअर बाजारात आहेत. दोन्ही कंपन्या शेअर बाजारात असल्यामुळे त्यांना दर तिमाहीला आपले आकडे जाहीर करावे लागतात आणि ते छोट्या व्यावसायिकानेही वाचण्यासारखे असतात. जस्टडायलवर २०२४ च्या सुमारास चार कोटींहून अधिक नोंदी होत्या आणि पैसे भरून चालवलेल्या जाहिराती सहा लाखांच्या आसपास होत्या. इंडियामार्टवर विक्रेत्यांची संख्या ऐंशी लाखांच्या घरात होती, तर पैसे भरणारे दोन लाखांच्या थोडे वर होते. म्हणजे दोन्हीकडे शंभर नोंदींमागे पैसे भरणारे एक ते तीन.

या प्रमाणाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. पैसे भरणारा उरलेल्या सत्त्याण्णवांच्या पुढे जाऊन उभा राहतो, असे प्रतिनिधी सांगतो आणि ते चूक नाही. पण उरलेल्या सत्त्याण्णवांची नोंद तेथे फुकट राहते आणि त्यांतील काहींना तिच्यावरूनही फोन येतात, हेही तितकेच खरे आहे. इंडियामार्टच्या व्यवस्थापनाने गुंतवणूकदारांपुढे अनेकदा मान्य केलेली आणखी एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे: सर्वांत स्वस्त सिल्व्हर पॅकेज घेणारे सोडून जाण्याचे प्रमाण गोल्ड आणि प्लॅटिनम घेणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त आहे. यावरून महागडे पॅकेज अधिक लाभदायक असते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ज्यांना फायदा झाला ते वरच्या पायरीवर गेले आणि ज्यांना झाला नाही ते पहिल्याच पायरीवरून परतले, असेही त्याचे सरळ स्पष्टीकरण देता येते. नव्याने पैसे भरणारा मात्र याच पहिल्या पायरीवर उभा असतो, हे त्याने विसरू नये.

विकल्या जाणाऱ्या वस्तू साधारण दोन आहेत. एक म्हणजे यादीतील वरची जागा आणि दुसरी म्हणजे चौकशी, जिला या क्षेत्रात सगळे ‘लीड’ म्हणतात. काही ठिकाणी चौकशी आपोआप तुमच्या फोनवर येते. इंडियामार्टच्या पद्धतीत खरेदीदारांच्या मागण्या पाहून, पॅकेजमध्ये मिळालेली क्रेडिट्स खर्चून, हव्या त्या निवडाव्या लागतात. दोन्ही पद्धतींत एकच चौकशी एकापेक्षा अधिक व्यावसायिकांच्या हाती पडते. ‘फ्रिज बंद पडला आहे’ असे एका गृहिणीने लिहिले, तर काही मिनिटांत तिला तीन-चार दुरुस्तीवाल्यांचे फोन येतात आणि त्यांतील एकालाच काम मिळते. त्यामुळे प्रतिनिधी ‘महिन्याला पन्नास लीड’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ पन्नास गिऱ्हाइके असा न घेता, पन्नास वेळा स्पर्धेत उतरण्याची संधी असा घ्यावा.

आधी फुकट मिळते ते पूर्ण घ्यावे

पैसे भरून काय मिळाले हे मोजायचे असेल, तर पैसे न भरता काय मिळत होते हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून पहिले दोन-तीन महिने केवळ फुकट नोंदींवर काढावेत आणि त्या नोंदी निगुतीने भराव्यात.

सर्वांत आधी गूगल बिझनेस प्रोफाइल तयार करावे. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणत. २०२१ च्या अखेरीस नाव बदलले. ही नोंद पूर्णपणे विनामूल्य आहे. ‘तुमची गूगलची नोंद बंद पडणार आहे, नूतनीकरणाचे पैसे भरा’ असा फोन आल्यास तो फसवणुकीचा समजावा, कारण नोंद ठेवण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. पडताळणीसाठी बहुधा दुकानाचा किंवा कामाच्या साहित्याचा व्हिडिओ मागितला जातो. दुकानाची पाटी, आतले सामान आणि बाहेरचा रस्ता एकाच चित्रणात दिसेल असे पाहिल्यास ती लवकर होते. घरून काम करणाऱ्यांना पत्ता लपवून केवळ सेवेचा परिसर दाखवता येतो. व्यवसायाच्या नावात ‘स्वस्त’, ‘बेस्ट’, ‘२४ तास’ असे शब्द घुसडण्याचा मोह टाळावा. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे नोंद निलंबित होऊ शकते. सेवांच्या वर्णनात मात्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द असावेत, कारण ‘वाळवी प्रतिबंध’ शोधणारेही असतात आणि ‘टर्माइट’ शोधणारेही असतात.

त्यानंतर जस्टडायल, इंडियामार्ट, सुलेखा यांपैकी आपल्या धंद्याला लागू असलेल्या ठिकाणी फुकट नोंद करावी. अनेकदा ती कोणीतरी आधीच केलेली असते आणि तिच्यात जुना क्रमांक किंवा चुकीची वेळ असते. तेव्हा ती आपल्या ताब्यात घेऊन दुरुस्त करावी. सर्व ठिकाणी नाव, पत्ता आणि फोन एकसारखा लिहावा.

अभिप्रायांना येथे अपार महत्त्व आहे. काम झाल्यावर समाधानी गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दुवा पाठवून दोन ओळी लिहायची विनंती करावी. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे किंवा पैसे देऊन अभिप्राय लिहून घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले आहे. चार अभिप्राय असलेला व्यावसायिक पैसे भरून यादीत सर्वांत वर आला, तरी त्याच्या खालच्या ओळीत दोनशे अभिप्राय आणि साडेचार तारे असलेला स्पर्धक दिसत असतोच. अशा वेळी वरची जागा विकत घेऊन विशेष काही साधत नाही. माझ्या मते पंचवीस-तीस खरे अभिप्राय जमेपर्यंत सशुल्क जाहिरातीचा विचारही करू नये.

एका कामातून किती उरते

आता मूळ हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

पिंपरी-चिंचवडमधील एका पेस्ट कंट्रोल व्यावसायिकाला वर्षाचे पॅकेज ३०,००० रुपयांना सांगितले, असे समजू. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,४०० रुपये. एकूण खर्च ३५,४०० रुपये. जीएसटीत नोंदणी असेल आणि नियमित पद्धतीने कर भरला जात असेल, तर ५,४०० रुपयांची वजावट मिळू शकते. पण सेवा देणाऱ्यांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सहसा सक्तीची नसल्यामुळे बहुतेक लहान व्यावसायिक नोंदणीबाहेर असतात आणि कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सोप्या पद्धतीत) असलेल्यांनाही वजावट मिळत नाही. त्यांच्यासाठी खर्च ३५,४०० रुपयेच धरावा लागतो. प्रतिनिधी तोंडी सांगतो ती किंमत बहुधा कर सोडून असते, एवढे लक्षात ठेवावे.

दोन बेडरूमच्या घराचे काम १,५०० रुपयांचे असेल आणि त्यातून औषध, पेट्रोल व माणसाची मजुरी वजा जाता ६०० रुपये उरत असतील, तर खर्च भरून निघायला ५९ कामे हवीत, म्हणजे महिन्याला साधारण पाच. आठ चौकश्यांमागे एक काम ठरते असे धरले, तर वर्षाला ४७२ चौकश्या लागतील, म्हणजे महिन्याला जवळपास चाळीस. आणि एवढ्या सगळ्यातून हाती येतो तो नफा शून्य. त्यापुढचे प्रत्येक काम खऱ्या कमाईचे. आठऐवजी चार चौकश्यांमागे एक काम मिळाले, तर महिन्याला वीस चौकश्या पुरतात. म्हणून पॅकेजची किंमत घासाघीस करून दोन हजारांनी उतरवण्यापेक्षा चौकशीचे कामात रूपांतर करण्याचे प्रमाण सुधारणे कितीतरी अधिक मोलाचे असते, आणि त्याचा संबंध डिरेक्टरीपेक्षा तुमच्या फोन उचलण्याशी आहे. त्याकडे पुढे येऊ.

या हिशेबात एक भर घालावी लागते. पेस्ट कंट्रोलचे गिऱ्हाईक एकदा आले की वार्षिक करार करण्याची शक्यता असते आणि समाधानी असेल तर सोसायटीतील आणखी दोन घरे सुचवते. अशा धंद्यात पहिल्या कामातून जेमतेम खर्च निघाला तरी चालते. उलट, घरसामान हलवणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक पुन्हा यायला कित्येक वर्षे जातात. त्याने पहिल्याच कामात नफा धरायला हवा. मात्र त्याचे एक काम बरेच मोठे असते, म्हणून त्यालाही हिशेब जमू शकतो.

दुसरे उदाहरण भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचे घेऊ. पॅकेज ६०,००० रुपये, करासह ७०,८००. एका ऑर्डरमागे २०,००० रुपये उरत असतील, तर वर्षात चार ऑर्डरी मिळाल्या की खर्च निघाला. हे सोपे वाटते, परंतु कारखानदारीच्या चौकश्यांत नुसते दर विचारणारे, मोजून दहा नग हवे असणारे आणि जुन्याच पुरवठादाराचा भाव पाडण्यासाठी तुमचे कोटेशन मागणारे बरेच असतात. चाळीस चौकश्यांमागे एक ऑर्डर मिळते असे धरले, तर चार ऑर्डरींसाठी १६० चौकश्या हाताळाव्या लागतील. ड्रॉइंग पाहून दर काढायला तासभर लागत असेल, तर मालकाचे किंवा त्याच्या इंजिनिअरचे १६० तास त्यात जातील. या तासांची किंमत पॅकेजच्या पावतीवर कोठेही छापलेली नसते. तरीही कारखान्यांसाठी माझा कौल काहीसा अनुकूल आहे, कारण एक चांगला खरेदीदार पुढे अनेक वर्षे टिकू शकतो आणि परराज्यातील खरेदीदारापर्यंत पोचण्याचा दुसरा स्वस्त मार्ग लहान कारखान्याकडे सहसा नसतो.

कोणाला लाभते, कोणाला नाही

गरज अचानक उभी राहते, ओळखीचा माणूस हाताशी नसतो आणि कामाची रक्कम बऱ्यापैकी असते, अशा सेवांना डिरेक्टरी लाभण्याची शक्यता अधिक असते. एसी आणि फ्रिज दुरुस्ती, वाळवी प्रतिबंध, घरसामान हलवणे, रुग्णाच्या देखभालीसाठी आया किंवा नर्स पुरवणे, वॉटरप्रूफिंग आणि भाड्याची जनरेटर सेवा ही त्यांतली ठळक उदाहरणे. किराणा, शिंपी, इस्त्री, खानावळ आणि केस कापण्याचे दुकान यांची गिऱ्हाइके चालत येण्याच्या अंतरातली असतात. त्यांना गूगलच्या नकाशावरची फुकट नोंद आणि सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट पुरतात. महिन्याच्या डब्यातून पाचशे रुपये सुटणाऱ्या खानावळीने तीस हजारांचे पॅकेज घेणे मला कोणत्याही हिशेबाने समर्थनीय वाटत नाही.

गावाच्या आकारानेही फरक पडतो. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर येथे शोध घेणारे भरपूर असतात, पण पैसे भरणारे स्पर्धकही भरपूर असतात. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या सेवेची यादीच पाच-सहा नावांची असते. तेथे फुकट नोंदही पहिल्या पडद्यावर दिसत असेल, तर वरच्या जागेसाठी पैसे कशाला मोजायचे? पॅकेज घेण्याआधी स्वतःच्या फोनवरून, आणि शक्यतो दुसऱ्याच्याही फोनवरून, आपली सेवा व परिसर शोधून आपण आजच कितवे आहोत हे पाहावे.

प्रतिनिधीशी बोलताना आणि करार करताना

विक्री प्रतिनिधीला मासिक उद्दिष्ट असते आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ‘आजच भरले तर ही किंमत’ असा आग्रह वाढतो. तो त्याच्या नोकरीचा भाग आहे. त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. ती किंमत पुढच्या महिन्यातही बहुधा मिळतेच. तोंडी दिलेल्या प्रत्येक आश्वासनाला ‘हे मला ईमेलवर पाठवा’ एवढेच उत्तर द्यावे. जे ईमेलवर येत नाही ते करारातही नसते, असे गृहीत धरावे.

करारात पहिल्यांदा पाहायचे ते वर्ग आणि परिसर. पैसे कोणत्या सेवेच्या शोधासाठी आणि कोणत्या पिनकोडसाठी भरले जात आहेत, हे स्पष्ट लिहिलेले असावे. सर्व शहराचे पॅकेज घेऊन कोथरूडच्या माणसाला वाघोलीहून फोन येऊ लागले, तर दुचाकीवर जाण्यायेण्यातच त्याचा नफा संपतो. वरची जागा कायम राहील की पैसे भरणाऱ्या इतरांबरोबर आळीपाळीने मिळेल, हेही विचारावे. एकाच वर्गात एकाच परिसरात आणखी किती जणांना ते पॅकेज विकले आहे, या प्रश्नाचे उत्तर मिळेलच असे नाही. पण उत्तर देताना प्रतिनिधी किती चाचरतो यावरूनही अंदाज येतो.

पॅकेजबरोबर संकेतस्थळ ‘फुकट’ देऊ केले जाते. त्याचे डोमेन कोणाच्या नावाने नोंदले जाणार आणि पॅकेज बंद केल्यावर ते तुमच्याकडे राहणार का, हे लेखी घ्यावे. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुमच्या गाडीवर आणि कार्डावर छापलेला पत्ता करार संपताच निरुपयोगी होतो. स्वतःच्या नावाने डोमेन घेण्याचा वार्षिक खर्च सहसा एक-दीड हजाराच्या आत असतो. तो वेगळा करावा. जाहिरातीत दिसणारा फोन क्रमांक तुमचा असेल की डिरेक्टरीचा, हाही असाच प्रश्न. डिरेक्टरीचा क्रमांक असेल तर आलेले कॉल मोजणे सोपे जाते, पण गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक साठवला जात नाही. म्हणून काम झाल्यावर आपला क्रमांक असलेले कार्ड किंवा एसीवर चिकटवायचे स्टिकर द्यायला विसरू नये.

सर्वांत नाजूक भाग पैसे देण्याच्या पद्धतीचा. वर्षाची रक्कम एकदम मागितली जाते किंवा मासिक हप्त्यासाठी बँकेची ऑटो-डेबिट मान्यता घेतली जाते. बोलताना तिला अजूनही ‘ईसीएस’ म्हणतात, प्रत्यक्षात ती आता राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) ‘नॅच’ (NACH) या प्रणालीतून होते. अशा मान्यतेत कमाल रक्कम किती लिहिली आहे, ती किती वेळा कापली जाणार आणि शेवटची तारीख कोणती, या तीन गोष्टी सही करण्यापूर्वी वाचाव्यात. मान्यतेला एक विशिष्ट संदर्भ क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा, कारण पुढे बँकेत तोच विचारतात. शक्य असेल तेथे यूपीआय ऑटोपे किंवा कार्डाचा पर्याय निवडावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा आवर्ती देयकात पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते आणि यूपीआयची मान्यता ॲपमधूनच रद्द करता येते. करारातील स्वयंचलित नूतनीकरणाचे कलम खोडून मगच सही करावी. कंपनी नकार देत असेल, तर नूतनीकरणाच्या तारखेआधी महिनाभर कॅलेंडरमध्ये आठवण लावावी.

पहिल्या वेळी कितीही सवलत मिळाली तरी दोन-तीन वर्षांचा करार करू नये. तीन किंवा सहा महिन्यांचा करार थोडा महाग पडला तरी तो घ्यावा, आणि त्यातही एकच वर्ग आणि जवळचे दोन-तीन पिनकोड निवडावेत. याच वेळी एक तुलनाही करावी. तेवढेच पैसे गूगलच्या जाहिरातीत घातले तर खर्च रोज ठरवता येतो आणि हव्या त्या दिवशी थांबवता येतो. मात्र ती जाहिरात नीट लावायला शिकावे लागते, अन्यथा नोकरी शोधणारे आणि सुटे भाग विचारणारे लोकच क्लिक करत राहतात. डिरेक्टरीत ही डोकेदुखी कमी असते आणि अनेक व्यावसायिक त्या सोयीसाठीच पैसे मोजतात, ते समजण्यासारखे आहे.

फोन कोण उचलणार

पैसे भरलेल्या कित्येक जाहिराती येथे वाया जातात. ज्याला चार जणांचे क्रमांक मिळाले आहेत तो चौघांसाठी थांबत नाही. जो आधी बोलतो आणि नीट बोलतो त्याला बहुतेक वेळा काम मिळते. एसी दुरुस्ती करणारा कारागीर मे महिन्याच्या दुपारी शिडीवर उभा असताना फोन उचलू शकत नाही आणि संध्याकाळी त्याने उलट फोन केला तेव्हा काम दुसऱ्याने करून पैसेही घेतलेले असतात. म्हणून पॅकेज घेण्याआधी दिवसभर फोन घेणारी व्यक्ती ठरवावी. घरातील कोणी सदस्य असेल तर त्याला दरपत्रक, जाण्याचे परिसर आणि रिकाम्या वेळा लिहून द्याव्यात. ‘मालक बाहेर आहेत, नंतर करा’ हे उत्तर पैसे देऊन आणलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवते.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा संदेश ठेवता येतो आणि आलेल्या प्रत्येक चौकशीवर लेबल लावता येते. दोन्ही सोयी विनामूल्य आहेत. संदेशात दरांची ढोबळ कल्पना द्यावी. काहींना वाटते की दर सांगितला की गिऱ्हाईक जाते. जे केवळ दरासाठी जाणार आहे ते लवकर गेलेले बरे, कारण त्याच्यासाठी पेट्रोल जाळून पाहणीला जाणे अधिक महाग असते.

मोजणी

‘आमच्याबद्दल कोठून कळले?’ असे विचारले तर दहापैकी सात-आठ जण ‘नेटवरून’ किंवा ‘गूगलवरून’ म्हणतात. डिरेक्टरीचे पानही गूगलच्या शोधातच वर येत असल्यामुळे ते खोटे बोलत नसतात, पण तुमची मोजणी बिघडते. यावर सोपा उपाय म्हणजे वेगळे सिम घेऊन त्याचा क्रमांक केवळ सशुल्क जाहिरातीत देणे. दोन सिमच्या फोनमध्ये कॉल कोणत्या सिमवर आला हे लगेच दिसते. जाहिरात संपल्यावर मात्र तो क्रमांक चालू ठेवावा लागतो, कारण जुने गिऱ्हाईक त्यावरच फोन करते.

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक चौकशीची एक ओळ लिहावी: तारीख, परिसर, काय हवे होते, काम ठरले का, किती पैसे उरले आणि ठरले नसल्यास कारण. चुकीचे क्रमांक, नोकरी मागणारे, तुमचा परिसर सोडून असलेले आणि तुम्ही करत नसलेल्या कामाचे फोन वेगळे मोजावेत. असे निरुपयोगी फोन फार असतील तर वर्ग किंवा पिनकोड बदलून मागावा. लेखी तक्रार केल्यास तेवढी दुरुस्ती सहसा करून मिळते. डिरेक्टरीच्या ॲपमध्ये दिसणारा ‘एकूण लीड’चा आकडा आणि तुमच्या वहीतील उपयुक्त चौकश्यांचा आकडा यांत मोठा फरक असणारच, आणि नूतनीकरणाच्या चर्चेत प्रतिनिधी पहिला आकडा दाखवणार, तेव्हा तुमच्याकडे दुसरा तयार असावा.

हंगामाची वजावटही करावी लागते. एसीवाल्याने मार्चमध्ये पॅकेज घेतले आणि मेपर्यंत फोन दुप्पट झाले, तर त्यातला बराच वाटा उन्हाचा असतो. पेस्ट कंट्रोलची मागणी पावसाळ्यात वाढते, रंगकामाची दिवाळीआधी, सामान हलवण्याची शाळा सुटल्यावर. म्हणून फुकट नोंदीच्या काळातील आकड्यांशी, आणि मिळाल्यास मागील वर्षाच्या त्याच महिन्यांशी, तुलना करावी. पैसे भरल्यावर महिन्याला पंचवीस कामे आली, पण त्याआधी फुकट नोंदीवरून अठरा येतच होती, तर पॅकेजच्या खात्यावर सातच जमा होतात. आठवड्याच्या धावपळीत ही वजाबाकी करायला सुचत नाही आणि त्यामुळे पॅकेज उगाच चांगले वाटत राहते.

थांबवायचे ठरल्यास

सहा महिन्यांत पॅकेजमुळे वाढलेल्या कामांतून खर्च भरून निघाला नाही, तर पहिली शंका आपल्या फोन उचलण्यावर घ्यावी, दुसरी वर्ग आणि परिसरावर. दोन्ही दुरुस्त करूनही आकडे हलत नसतील तर नूतनीकरण करू नये. थांबवण्याची सूचना करारात दिलेल्या पत्त्यावर ईमेलने, मुदतीच्या आत द्यावी आणि पोच मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. प्रतिनिधीला फोनवर सांगणे पुरेसे नसते. बऱ्याचदा तोपर्यंत तो दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो.

खात्यात पैसे न ठेवून हप्ता चुकवण्याचा मार्ग काही जण निवडतात. तो टाळावा. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होऊ शकते आणि ऑटो-डेबिट अपुऱ्या रकमेमुळे परत गेल्यास देयक व निपटारा प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २५ मध्ये तशीच तरतूद आहे. शिवाय बँक प्रत्येक वेळी दंड कापते. आधी कंपनीला लेखी सूचना आणि त्यानंतर संदर्भ क्रमांक देऊन बँकेत मान्यता रद्द करण्याचा अर्ज, हा क्रम ठेवावा. कराराची मुदत शिल्लक असेल तर मान्यता रद्द केल्याने देणे संपत नाही, त्यामुळे बाहेर पडण्याचे कलम आधी वाचावे.

वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहता येते. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक हेतूने घेतलेल्या सेवा ‘ग्राहक’ या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत आणि समोरची बाजू हा आक्षेप घेऊ शकते. करारात न्यायक्षेत्र म्हणून कंपनीच्या मुख्यालयाचे शहर लिहिलेले असेल, तर चंद्रपूरच्या व्यावसायिकाला वीस हजारांसाठी मुंबईत किंवा दिल्लीत दावा लावणे परवडत नाही. वकिलाकडून नोटीस पाठवून तडजोड करणेच त्याला सहसा स्वस्त पडते, आणि त्या वेळी सुरुवातीला मागून घेतलेले ईमेल उपयोगी पडतात.

सशुल्क जाहिरात बंद झाल्यावर नोंद फुकट स्वरूपात तेथेच राहते. तिच्यातला क्रमांक, वेळा आणि पत्ता बंद करण्याच्या दिवशीच तपासून घ्यावा. जाहिरातीसाठी वापरलेला डिरेक्टरीचा क्रमांक तेथून काढला गेला आहे आणि त्याच्या जागी तुमचा क्रमांक आला आहे, याची खात्री दुसऱ्याच्या फोनवरून एकदा कॉल लावून करावी.